संगणक ‘नाही’ म्हणाला, तरी…

आता बऱ्याच वाचनालयांत कार्डांची कपाटे जाऊन संगणक आले आहेत. नाव टाइप केले की पुस्तक आहे का, ते लगेच कळते. पण संगणक अक्षरे जुळवतो, अर्थ नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ घ्या. नोंदीत ऱ्हस्व ‘ति’ आहे आणि तुम्ही दीर्घ ‘ती’ टाइप केली, तर पुस्तक कपाटात असूनही ‘नाही’ असे उत्तर येऊ शकते. महात्मा फुल्यांचे नावही कुणी ‘जोतीराव’ लिहिते, कुणी ‘ज्योतिराव’.

म्हणून आम्ही ग्रंथालयात काम करणाऱ्या नोंद करताना लेखकाचे एक नाव ठरवतो आणि बाकीची रूपे त्याला जोडतो. हे काम कुणाला दिसत नाही, पण वाचकाचा हेलपाटा वाचतो. वाचकाचा वेळ वाचवावा, हा ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेला नियमच आहे.

तेव्हा संगणक ‘नाही’ म्हणाला, तर लगेच परत फिरू नका. नुसते ‘टिळक’ टाकून पाहा, नाहीतर आम्हाला विचारा. तुम्ही टाइप केलेले रूप आम्ही नोंदीला जोडू, म्हणजे पुढची मैत्रीण रिकाम्या हाताने जाणार नाही.