परळचे 'वाडिया' : गिरणगावच्या लेकरांचा आधार

परळच्या आचार्य दोंदे मार्गावरची ही इमारत आपल्या कितीतरी घरांनी पाहिली आहे. आयाबायांच्या तोंडी ते नुसते 'वाडिया'. पूर्ण नाव बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय. जेरबाई म्हणजे बॉम्बे डाईंगचे संस्थापक नौरोसजी वाडिया यांच्या पत्नी. त्यांच्या नावे वाडिया कुटुंबाने हे रुग्णालय १९२९ साली उभे केले. कामगारांच्या घामाचा पैसा त्यांच्याच दारी परतला, असे आम्ही मानतो.

त्या काळचे परळ आठवा. एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे, सामाईक नळ आणि दमट अंधार. याच परळच्या बी. आय. टी. चाळीत बाबासाहेबांचा संसार होता. माता रमाईंच्या पाच लेकरांपैकी एकटे यशवंतराव जगले. लाडका राजरत्न गेला १९२६ च्या जुलैत, वाडिया सुरू होण्याच्या तीन वर्षे आधी. बॅरिस्टरच्या घरची ही गत, तर गिरणीत राबणाऱ्या बाईच्या घरी काय होत असेल? १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात बाबासाहेब कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भत्त्यासाठी बोलले, ते हे वाचताना ध्यानात ठेवावे.

मुलांना वेगळे रुग्णालय कशाला, असे कुणी विचारील. बाळाचे औषध वजनावर मोजावे लागते. जुलाबाने त्याच्या अंगातले पाणी काही तासांत आटते. कमी दिवसांच्या बाळाला आधी ऊब हवी, मग श्वासाला आधार. डोळे खोल गेले, लघवी थांबली, तर दृष्ट काढत रात्र घालवू नका, बाळाला उचला आणि दवाखाना गाठा! वाडियात तान्ह्यांच्या अतिदक्षता विभागापासून हृदय आणि कर्करोगापर्यंतचे उपचार होतात. जन्मतः चिकटलेली जुळीही येथे वेगळी केली गेली आहेत.

आणि अशा रुग्णालयावर जानेवारी २०२० मध्ये नवे रुग्ण घेणे थांबवण्याची पाळी आली! राज्य सरकार आणि महापालिका यांचे अनुदान थकले होते. कर्मचारी रस्त्यावर उतरले, प्रकरण हायकोर्टात गेले. त्याच दिवसांत इंदू मिलमधील बाबासाहेबांच्या पुतळ्याची उंची वाढवण्याचे ठरत होते. पुतळ्याला पैसा आहे आणि रुग्णालयाला नाही काय, असे कोर्टाने सरकारला खडसावले. स्मारकाचा पैसा वाडियाला द्या, असे खुद्द प्रकाश आंबेडकरांनी सांगितले. आपल्यातल्या काहींना ते रुचले नसेल, आम्हाला मात्र पटले. पुढे सरकार आणि पालिकेने अनुदान मोकळे केले आणि वाडियाचे दार उघडे राहिले.