व्हिडिओ गेमची पिवळी वायर आणि सरकणारे चित्र

सुट्टीत माळ्यावरचे सामान खाली काढले की एखाद्या घरात जुना व्हिडिओ गेम सापडतो. १९९० च्या दशकात 'समुराई', 'लिटल मास्टर' अशा नावांनी ही पेटी आपल्याकडे विकली जात असे. तिचे मूळ निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये जपानात आणलेल्या फॅमिकॉम या यंत्रात आहे. तिच्यावर मारिओ आणि काँट्रा खेळलेली मुले आता पालकसभेला येतात. पेटी टीव्हीला जोडली जाते, चित्र काळे-पांढरे येते किंवा सारखे वर सरकते, आणि 'बिघडली' म्हणून तिची रवानगी भंगारात होते. पुष्कळदा पेटी ठणठणीत असते, चूक जोडणीत असते. व्हीसीआरलाही हीच पिवळी वायर लागते. म्हणजे घरच्या लग्नाची कॅसेट पुन्हा पाहता येणार की नाही, हेही यावरच ठरते.

डबा टीव्हीत चित्र एकदम उमटत नाही. आपल्याकडील पाल पद्धतीत ६२५ ओळी एकीखाली एक अशा आखल्या जातात. आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या. अशी अर्धी चित्रे सेकंदाला ५० आणि पूर्ण चित्रे २५ होतात. एका ओळीला वेळ मिळतो ६४ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. आता प्रश्न असा, की ओळ कुठे संपली आणि नवे चित्र कधी सुरू झाले, हे टीव्हीला सांगायचे कोणी?

हे काम सिंक करतो. आपले लेझीम पथक आठवा. हलगीच्या ठोक्यावर सगळ्यांची पावले एकत्र पडतात. ठोका चुकला तर प्रत्येक मुलगा चांगला नाचूनही रांग विसकटते. वायरमधून येणारा संकेत सुमारे १ व्होल्टचा असतो. त्यातला वरचा ०.७ व्होल्टचा भाग चित्राचा आणि खालचा ०.३ व्होल्टचा सिंकचा. प्रत्येक ओळीआधी संकेत ४.७ मायक्रोसेकंद अगदी तळाला जातो, हा लहान ठोका. चित्र बदलताना रुंद ठोके येतात. लहान ठोका हुकला तर चित्र तिरके फाटते. मोठा हुकला तर ते वर किंवा खाली लोळते. विद्यार्थ्यांनी ही खूण लक्षात ठेवावी. रंग उडाला असेल तर दोष दुसरीकडे शोधायचा.

वायरींमधला खरा फरक हा, की चित्र, रंग आणि सिंक एकत्र पाठवायचे की वेगवेगळे. सर्वांत जुनी रीत अँटेनाच्या वायरीची. तीत चित्र आणि आवाज दोन्ही एका चॅनेलवर चढवले जातात व टीव्ही त्या चॅनेलवर लावावा लागतो. (दूरदर्शनने बहुतेक अॅनालॉग प्रक्षेपण केंद्रे मार्च २०२२ पर्यंत बंद केल्याने आता तिथे गर्दीही नाही.) पिवळ्या पिनेत उजेड, रंग आणि सिंक एकाच तारेत कोंबलेले असतात. लाल आणि पांढरी पिन केवळ आवाजाची. एस-व्हिडिओच्या चार पिनांच्या गोल जोडणीत रंग वेगळा काढलेला असतो, त्यामुळे अक्षरांच्या कडा स्वच्छ दिसतात. युरोपातल्या २१ पिनांच्या स्कार्ट जोडणीत लाल, हिरवा, निळा हे रंग स्वतंत्र आणि सिंकही स्वतंत्र जाऊ शकतो. आपल्याकडे ती क्वचितच दिसते.

कॉम्पोनंट जोडणीत हिरवी, निळी आणि लाल अशा तीन पिना असतात. त्यांतल्या हिरव्या तारेतून उजेड आणि सिंक दोन्ही जातात. काही नव्या टीव्हींवर पिवळ्या व हिरव्या पिनेसाठी एकच भोक असते. तिथे पिवळी पिन लावून मेनूत 'कॉम्पोनंट' निवडले, की टीव्ही फक्त उजेड वाचतो आणि चित्र काळे-पांढरे येते. मेनूत 'एव्ही' निवडा, रंग परत येईल.

अमेरिकेहून किंवा जपानहून नातेवाइकांनी आणलेल्या यंत्राची गोष्ट निराळी. तिकडची एनटीएससी पद्धत ५२५ ओळींची, सेकंदाला जवळजवळ ६० अर्ध्या चित्रांची. फक्त पाल समजणाऱ्या टीव्हीला तिचा रंग ओळखता येत नाही. मोठा ठोकाही अपेक्षेपेक्षा लवकर येतो, म्हणून चित्र लोळू शकते. मेनूत पद्धत 'ऑटो' ठेवून पाहावे. पालकांनी आणखी एक पाहावे : तिकडचा अॅडाप्टर फक्त १०० किंवा १२० व्होल्टचा असेल, तर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात घातल्यावर तो जळतो. त्यावरचा आकडा वाचल्याशिवाय बटण दाबू नये. आणि डबा टीव्ही बंद असला तरी मागचे झाकण मुलांनी उघडू नये. आत हजारो व्होल्टचा साठा राहिलेला असू शकतो.

बाजारात एका टोकाला पिवळी-लाल-पांढरी पिन आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी साधी वायर मिळते. आमच्या मते ते पैसे पाण्यात. अॅनालॉग संकेताचे डिजिटल रूपांतर नुसती तांब्याची तार करू शकत नाही. त्याला वेगळा वीजपुरवठा लागणारी रूपांतर-पेटी हवी. संगणकाच्या जुन्या व्हीजीए मॉनिटरचेही तसेच. त्यात आडव्या आणि उभ्या सिंकसाठी दोन वेगळ्या पिना असतात आणि त्याला सेकंदाला किमान ३१,००० च्या आसपास ओळी लागतात. गेमची पेटी त्याच्या निम्म्याच देते.

नव्या टीव्हीवर नीट जोडूनही एक तक्रार उरते. गेमची पेटी मधल्या ओळी पाठवतच नाही, दर वेळी त्याच ओळी पाठवते. टीव्ही मात्र त्यांना अर्धी चित्रे समजून जोड्या लावत बसतो. मग मार खाल्ल्यावर लुकलुकणारा मारिओ कधी दातेरी दिसतो, कधी दिसतच नाही, आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते. मेनूत 'गेम मोड' असल्यास तो लावल्याने उशीर कमी होतो. डबा टीव्हीत अशी जुळवाजुळव नसल्याने उडी लगेच पडते.