चला, सॅलमन धरायला!

अमेरिकेतल्या लेकीकडे, भाचीकडे सहा महिने राहून आलेल्या बायका आता प्रत्येक तालुक्याच्या गावात भेटतात. जाताना मेतकूट, डिंकाचे लाडू, बाळंतविडा असं सगळं बरोबर नेतात. आल्यावर विचारा, काय पाहिलंत? एकदा नायगारा, बाकी लेकीचं स्वयंपाकघर! मैत्रिणींनो, त्या सहा महिन्यांतला फक्त एक दिवस स्वतःसाठी मागून घ्या. लेक सिअॅटलच्या बाजूला राहत असेल, तर सरळ समुद्रावर सॅलमन धरायला जा.

'अगं बाई, आपण आणि मासे धरायचे?' माझ्या थोरल्या बहिणीचा हाच प्रश्न होता. ताई छप्पन्न वर्षांची, माहेर गुहागरचं. जन्मभर कल्ले उचकटून बघत, घासाघीस करत मासे घेतले, पण मासेमारीच्या होडीत कधी पाऊल ठेवलं नाही. आपल्याकडे बाईच्या वाट्याला मासा येतो तो टोपलीत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये भाचीकडे गेलो तेव्हा मात्र आम्ही तिघींनी ठरवलंच.

आधी एक घोळ मिटवू. हॉटेलात 'इंडियन सॅलमन' म्हणून देतात तो आपला रावस. खऱ्या सॅलमनशी त्याचं काही नातं नाही. सॅलमन नदीत जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालायला वासाच्या खुणेने पुन्हा आपल्याच नदीत येतो. पॅसिफिकच्या बाजूचे सॅलमन तर अंडी घातली की तिथेच मरतात. 'म्हणजे माहेरी येऊन प्राण सोडतो म्हण की,' ताई म्हणाली.

विमानाचं तिकीट काढण्याआधी हंगाम बघा. कुठल्या भागात कधी आणि किती मासे धरायचे, हे तिकडे दरवर्षी एप्रिलमध्ये ठरतं. ठरलेला आकडा पुरा झाला की हंगाम मध्येच बंद. वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर साधारण जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंत धरता येतात. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, नेमका तेव्हा तिकडचा हंगाम सुरू होतो. आणि नियम नावापुरते नसतात हं! कॅलिफोर्नियात मासे घटले म्हणून २०२३ आणि २०२४ अशी दोन वर्षं समुद्रातली सॅलमन मासेमारी पूर्ण बंद ठेवली होती. हौसेने धरणाऱ्यांचीही आणि पोटासाठी धरणाऱ्यांचीही.

आम्ही वेस्टपोर्टला गेलो. सिअॅटलहून गाडीने अडीच तास. माणशी पैसे भरून जायच्या बोटी तिथे असतात, त्यांना चार्टर म्हणतात. काठी, गळ, आमिषाचे छोटे मासे सगळं बोटीवरच मिळतं. परवाना मात्र प्रत्येकीचा वेगळा. पाहुण्यांना एक ते तीन दिवसांचाही मिळतो, पासपोर्ट जवळ ठेवा. धरलेला सॅलमन नोंदवायचं एक कार्डही असतं. मदतीला असणाऱ्या मुलाला बक्षिशी द्यायची पद्धत आहे, तेवढे डॉलर वेगळे काढून ठेवा.

आणखी एक गोष्ट बुकिंग करतानाच विचारा: बोटीवर संडास आहे का? आपण बायका नेमकं हेच विचारायला लाजतो आणि मग दिवसभर पाणी पीत नाही.

बोटी पहाटे सुटतात, म्हणून आदल्या रात्री मुक्कामालाच जावं. साडी नको. आतून गरम कपडे, वर पाणी न शिरणारं जाकीट, पायात न घसरणारे बूट. भर ऑगस्टमध्येही तिथलं पाणी बारा-चौदा अंशांच्या आसपास असतं. त्यात पडलं तर पोहणाऱ्याचेही हातपाय लवकर गळतात. तेव्हा लाइफ जॅकेट मागून घ्या आणि अंगात घाला, मांडीवर ठेवू नका. बोट लागण्यावरची गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून आधीच न्या, कारण ती निघण्यापूर्वी घ्यावी लागते आणि तिने झोप येते. ताईच्या पर्समध्ये आलेपाक होता, तो तिघींना पुरला. मळमळलं तर नजर दूर क्षितिजावर ठेवायची. बंदराच्या तोंडाशी लाटा फार उसळल्या तर तटरक्षक दल बोटींना सोडत नाही. कप्तान नाही म्हणाला तर हुज्जत घालू नका, पैसे परत कसे मिळतात ते आधीच विचारून ठेवा. आणि हो, डब्यात केळी नकोत! बोटीवर केळं अपशकुनी, असं तिकडचे मासेमारही मानतात. अमेरिका झाली म्हणून काय झालं!

आता खरी गोष्ट. तिथे गळाला उलटा दात नसतो, म्हणजे मासा सोडायचा झाला तर सुखरूप सोडता यावा. मत्स्यबीज केंद्रात वाढवलेल्या कोहो जातीच्या पिल्लांचा शेपटीअलीकडचा एक छोटा पर लहानपणीच कापतात. तो कापलेला असेल तर मासा तुमचा. पर शाबूत असेल तर तो नदीत आपसूक जन्मलेला, रानचा. त्याला सोडून द्यायचं.

ताईच्या गळाला पहिला मासा लागला तो चांगला दहा मिनिटं झुंजला. तिचे दंड भरून आले. जवळ आल्यावर बघतो तर पर शाबूत! मदतीच्या मुलाने तो पाण्यातच सोडवला. ताई त्या जागेकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'आपण गाबोळीचा मासा मिळाला की खूश होतो.' मला ते लागलं. पापलेटला २०२३ मध्ये आपण राज्य मासा केलं, पण पंजाएवढी पिल्लं बाजारात दिसली की 'स्वस्त आहेत' म्हणून पिशवीत घालणाऱ्याही आपणच ना?

दुपारपर्यंत आम्हाला पर कापलेले दोन मिळाले. शाकाहारी मैत्रिणींनीही हिरमुसायचं कारण नाही. सिअॅटलमध्येच बॅलर्डच्या जलपाशाजवळ माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांची वाट बांधली आहे, तिथे काचेतून उन्हाळ्यात घरी परतणारे सॅलमन बघता येतात. गरोदर लेकीला बोटीवर नेऊ नका. नीट शिजवलेला सॅलमन मात्र तिला चालतो, त्यात पारा कमी असतो.

मासा अंगचाच तेलकट, म्हणून तव्यावर तेल अगदी थेंबभर. हळद, तिखट, मीठ आणि कोकमाचं आगळ जरा सढळ हाताने, वरून तांदळाचं पीठ. कातडीची बाजू आधी खाली ठेवायची आणि ती कुरकुरीत होईपर्यंत उलथन्याने ढोसायचं नाही.