कोकिळेचे अंडे, कोंबडीचे दुकान

वसंत आला की कोकिळा गाऊ लागते, असे आपण शाळेपासून निबंधांत लिहीत आलो. वास्तविक गातो तो नर. तो काळाकुळकुळीत आणि लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके असलेली. तिचा आवाज ऐकून कोणाला कविता सुचेल असे वाटत नाही.

तिच्या संसाराची तऱ्हा मात्र विचार करण्याजोगी आहे. ती घरटे बांधीत नाही. कावळ्याच्या विणीचा हंगाम गाठून त्याच्या घरट्यात अंडे घालते. संस्कृतात कोकिळाला 'परभृत' म्हणजे दुसऱ्याने पोसलेला, तर कावळ्याला 'परभृत्' म्हणजे दुसऱ्याला पोसणारा असे म्हणतात. पाय मोडला की पोशिंदा! 'शाकुंतला'च्या पाचव्या अंकात दुष्यंत शकुंतलेला हिणवताना हाच दाखला देतो.

आपल्या कोकिळेचे पिल्लू बहुधा कावळ्याच्या पिल्लांबरोबरच वाढते. युरोपातील कुक्कू त्याहून निष्ठुर. त्याचे उघडेवाघडे, डोळेही न उघडलेले पिल्लू घरधन्याची अंडी पाठीवर तोलून घरट्याबाहेर लोटते. त्यासाठी त्याच्या पाठीला खोलगट खळगा असतो व काही दिवसांनी तो भरून येतो. १७८८ साली हे वर्णन प्रसिद्ध करणारे एडवर्ड जेन्नर म्हणजे देवीची लस देणारेच जेन्नर. अनेकांचा त्यावर विश्वास बसला नाही. पुढे १९२०च्या सुमारास एडगर चान्स यांनी मादी अंडे घालतानाचे चित्रीकरण केले; तिला त्या कामाला काही सेकंदच पुरतात.

सारे कुळच असे आहे असे नाही. पावशा सातभाईंच्या घरट्यावर डल्ला मारतो. पण त्याच कुळातला भारद्वाज स्वतः घरटे बांधून पिल्ले वाढवतो.

अंडे एकाचे आणि उबवण दुसऱ्याची, हा प्रकार व्यापारातही चालतो. १९८५ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यूटन येथे 'बॉस्टन चिकन' नावाचे भाजलेल्या कोंबडीचे दुकान निघाले. १९९३ साली कंपनीचे शेअर बाजारात आले. वीस डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी अठ्ठेचाळीसच्या वर गेला. पुढे 'बॉस्टन मार्केट' या नावाने दुकानांची संख्या हजारावर गेली.

यातील मेख अशी. बहुतेक दुकाने मक्तेदारांची होती आणि ती काढायला कर्ज देत होती कंपनीच. त्या कर्जावरचे व्याज व मक्त्याची फी कंपनीच्या खात्यात नफा म्हणून जमा होई. दुकानांचा तोटा मात्र मक्तेदारांच्या वह्यांत राही, कारण कागदोपत्री ते वेगळे! म्हणजे स्वतःच दिलेल्या पैशातून स्वतःचे उत्पन्न. नवे भांडवल मिळते तोवर हे चालले. दरम्यान सुपरमार्केटमध्येही भाजलेली कोंबडी मिळू लागली. सवलतीची कुपने वाटून गिऱ्हाईक आले, पण नफा आला नाही. मक्तेदारांना कर्ज फेडता येईना, तेव्हा तो तोटा मूळ घरी परतला. ऑक्टोबर १९९८ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

२००० साली मॅकडोनाल्ड्सने ती घेतली, २००७ साली विकली. पुढेही मालक बदलत गेले, दुकाने कमी होत गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये न्यू जर्सीच्या कामगार खात्याने तेथील २७ दुकानांचे काम थांबवले. ३१४ कामगारांचे वेतन थकले होते.