फॉग लाईट म्हणजे जादा हेडलाईट नव्हे

पावसाळ्यात आंबोलीला किंवा वरंध घाटात ढग रस्त्यावर उतरले की हात आपसूक फॉग लाईटच्या बटणाकडे जातो. ते बरोबरच आहे. पण घाट संपून गाडी मोकळ्या हायवेला लागली तरी बटण चालूच राहतं, कारण दोन दिवे जास्त म्हणजे तेवढंच लांबचं दिसणार, अशी अनेकांची समजूत असते.

मुळात हा दिवा लांबचं दाखवायला बनवलेलाच नाही. तो बंपरमध्ये खाली बसवतात. त्याचा झोत रुंद आणि चपटा असतो, वरची कड सरळ कापलेली. धुक्याचे थेंब उजेड आपल्याच डोळ्यांकडे परतवतात, म्हणून अप्पर लावला की समोर पांढरा पडदा उभा राहतो. फॉगचा झोत डोळ्यांच्या रेषेखालून जातो आणि रस्त्याची पांढरी पट्टी, कठड्याचा पाया एवढं दाखवतो. जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवरचा, नीट रोखलेला फॉग लाईट जेमतेम ३५ मीटरपर्यंत पोचतो. ताशी ६० किलोमीटरने ते अंतर दोन सेकंदांत संपतं. म्हणजे दिवा लावला तरी वेग कमी करावाच लागतो.

स्वच्छ रात्री तर तो नुकसानच करतो. बंपरपुढचा रस्ता लख्ख झाला की बाहुल्या आकसतात आणि लांबचा अंधार आणखी गडद होतो. आपल्याला मात्र वाटतं, काय झकास दिसतंय!

पिवळा उजेड धुकं कापतो, हे तर गॅरेजमध्ये हमखास ऐकायला मिळतं. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, आकाश निळं दिसतं ते त्यामुळे, हे खरं. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या दसपट किंवा त्याहूनही मोठे असतात. ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून तर धुकं पांढरं दिसतं. पिवळा काहींच्या डोळ्यांना सौम्य वाटतो, एवढं त्याचं श्रेय. फरक पडतो तो झोताच्या आकाराने आणि रोखाने.

आणि रोखाकडेच कोणी बघत नाही. ‘खालचा दिवा कुणाच्या डोळ्यांवर जातोय?’ असं म्हणतात, पण वर रोखलेला किंवा हॅलोजनच्या घरात स्वस्त एलईडी कोंबलेला दिवा समोरच्याला आंधळं करतो. दुचाकीवाल्याला तर नक्कीच. पुढच्या दिव्याचा झोत समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत असा कायम खाली वळलेला असावा, असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही आहे. तपासणं सोपं आहे. टायरमध्ये बरोबर हवा भरा, सपाट जागी भिंतीपासून साधारण साडेसात मीटरवर गाडी उभी करा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा, त्याहून १० सेंटिमीटर खाली भिंतीवर खडूने आडवी रेघ मारा. झोताची वरची कड त्या रेघेवर यायला हवी. वर गेली तर दिव्याजवळचा स्क्रू फिरवून खाली आणा. सहलीला पाच जण आणि भरलेली डिकी घेऊन जाणार असाल, तर तेवढ्या वजनासकटच तपासा. मागे भार पडला की गाडीचं नाक वर उचलतं.

मागचा लाल फॉग लाईट अनेक गाड्यांत एकाच बाजूला असतो. दुसरा बल्ब उडालाय असं समजून लोक मेकॅनिककडे जातात! ब्रेक लाईटशी गल्लत होऊ नये हा त्यामागचा हेतू. तो टेललाईटपेक्षा खूपच प्रखर असतो, त्यामुळे धुकं विरळ झाल्यावरही चालू राहिला तर मागच्याचे डोळे दिपवून टाकतो. चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावणं हीसुद्धा वाईट खोड: गाडी उभी आहे की चालती, वळणार की सरळ जाणार, काहीच कळत नाही.

राहता राहिला ‘ऑटो’ मोड. त्याचा सेन्सर उजेड मोजतो, धुकं नाही. सकाळी आठचं पांढरंशुभ्र धुकं त्याच्या लेखी भरपूर उजेड. पुढचे डे-टाईम दिवे पेटलेले असल्याने चालकाला सगळं चालू वाटतं, पण बऱ्याच गाड्यांत तेव्हा मागचे दिवे बंदच असतात. अशा वेळी डिपर हातानेच लावावा लागतो.