दोन इंजिनं, दोन दिशा: स्पीडबोटीचे पंखे उलटसुलट का फिरतात?

दुबई सिलिकॉन ओएसिसमधून समुद्र दिसत नाही, पण बोटी दिसतात. आमच्या भागातल्या व्हिलांपुढे ट्रेलरवर चढवून ठेवलेल्या मासेमारीच्या स्पीडबोटी नेहमी उभ्या असतात. पाण्यात असताना जे लपलेलं असतं, ते इथे डोळ्यांसमोर असतं. दोन आउटबोर्ड इंजिनं असलेल्या बोटीच्या मागे उभं राहून दोन्ही पंखे नीट पाहा. (प्रोपेलरला आपल्या कोकण किनाऱ्यावर पंखाच म्हणतात, तोच शब्द इथे वापरतो.) बहुतेक मोठ्या बोटींत ते एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात.

पंखा म्हणजे मूळात स्क्रूच. नेहमीचा स्क्रू उजव्या पिळाचा असतो, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवला की पुढे जातो. डाव्या पिळाचा नमुना हवा असेल तर सायकलचं डावं पेडल काढून बघा, त्याचे आटे उलटे असतात. बोटीच्या मागे उभं राहून पाहिलं, तर उजवा पंखा पुढे जाताना घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि डावा उलट. सुटा पंखा टेबलावर आडवा ठेवून समोरचं पातं बघा: ते उजवीकडे चढत गेलं असेल तर पंखा उजवा.

आता एवढा खटाटोप कशासाठी? पहिलं कारण न्यूटनचा तिसरा नियम. इंजिन पंख्याला एका दिशेने पिळतं, तेव्हा पाणी पंख्यामार्फत बोटीला उलट दिशेने पिळतं. आकडेच मांडू. ३०० अश्वशक्तीचं इंजिन म्हणजे सुमारे २२४ किलोवॅट. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे फिरतंय आणि गिअर १.८५ ला १ असेल, तर पंखा मिनिटाला साधारण ३,२४० फेरे घेतो. शक्तीला कोनीय वेगाने भागलं की टॉर्क येतो सुमारे ६६० न्यूटन-मीटर. दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरत असतील तर १,३२० न्यूटन-मीटर. म्हणजे ७५ किलोचा माणूस बोटीच्या मध्यरेषेपासून पावणेदोन मीटर बाजूला जाऊन बसल्यावर बोट जेवढी कलेल, तेवढी ती पूर्ण वेगात कायम कललेली राहणार. दोन्ही पंखे उजवे असतील तर डावी बाजू खाली. एक उजवा आणि एक डावा असेल तर हिशेब शून्य. राइट बंधूंनी १९०३ च्या विमानात हेच केलं होतं: इंजिन एकच, पण एका पंख्याची साखळी आठच्या आकड्यासारखी तिढा देऊन बसवलेली, म्हणजे दोन्ही पंखे विरुद्ध फिरणार.

दुसरं कारण अधिक मजेशीर आहे आणि धक्क्याला लागताना तेच जाणवतं. फिरणारा पंखा बोटीला फक्त पुढे-मागे ढकलत नाही, थोडा बाजूलाही ओढतो. उजवा पंखा पुढे जाताना बोटीचा मागचा भाग उजवीकडे नेतो, रिव्हर्समध्ये डावीकडे. जमिनीवर चाक घरंगळावं तसं. याचं एक स्पष्टीकरण पुन्हा पुन्हा ऐकू येतं की खालचं पाणी जास्त घन असतं, म्हणून खालच्या पात्याची पकड जास्त. हे चूक आहे. अर्धा मीटर खोलीच्या फरकाने पाण्याची घनता दहा लाखांत जेमतेम दोन भागांनी वाढते. एवढ्याने बोट हलत नाही. खरी कारणं वेगळी: वरची पाती पृष्ठभागाजवळची हवा ओढून घेतात आणि त्यांची पकड सुटते, शाफ्ट तिरका असेल तर दोन्ही बाजूंच्या पात्यांना पाणी वेगवेगळ्या कोनात भेटतं, आणि रिव्हर्समध्ये पंख्याचा भोवरा पुढे जाऊन बोटीच्या पोटावर आदळतो. उजवा पंखा उलटा फिरताना उजवीकडचं पाणी वर उसळून बोटीला धक्का देतं, डावीकडचं खालून निसटून जातं. म्हणून मागचा भाग डावीकडे सरकतो.

मग उजवा पंखा उजव्या बाजूला बसवायचा की डाव्या? उजव्या बाजूला उजवा बसवला, तर दोन्ही पंख्यांची वरची पाती बाहेरच्या दिशेने फिरतात. बोट जागच्या जागी डावीकडे वळवायची आहे असं समजा. उजवं इंजिन पुढे, डावं मागे. दोन जोरांच्या जोडीमुळे नाळ डावीकडे आणि मागचा भाग उजवीकडे जातो. शिवाय उजवा पंखा पुढे फिरताना मागचा भाग उजवीकडेच ओढतो, आणि डावा पंखा उलटा फिरताना तोही उजवीकडेच. सगळे एका बाजूचे! अदलाबदल करून पंखे आत फिरवले, तर हेच ओढणं वळण्याच्या विरोधात काम करतं. ब्रिटिश नौदलाने हा अनुभव घेतला आहे. १९०० च्या सुमाराला त्यांच्या काही युद्धनौकांवर आत फिरणारे पंखे आले, इंधनाची थोडी बचत झाली, पण कमी वेगात आणि मागे जाताना जहाज सांभाळणं अवघड होऊन बसलं. १९०६ च्या ड्रेडनॉटवर पंखे पुन्हा बाहेर फिरू लागले.

आउटबोर्डवर हा फरक इनबोर्डइतका मोठा नसतो. दोन इंजिनांमध्ये बरेचदा सत्तरएक सेंटीमीटरच अंतर असतं, आणि इंजिनंच वळवता येतात. तरी शमाल वारा सुटलेला असताना मरिनाच्या अरुंद गल्लीत बोट लावणाऱ्याला विचारा. गेटवेवर लाटांमध्ये वरखाली होणाऱ्या स्पीडबोटीतून धक्क्यावर पाय टाकताना जीव मुठीत धरला असेल, तर मागच्या भागाचं अर्धा मीटर इकडेतिकडे होणं काय असतं ते तुम्हाला माहीत आहे.

कॅटामरानची गोष्ट वेगळी. तिथे पंखे दोन वेगळ्या पोटांमागे लांब लांब असतात, त्यामुळे वळवायला अंतरच पुरेसं होतं. मग कोणता पंखा कुठे, हे बोटीची नाळ किती उचलली जाते आणि वेग किती मिळतो यावर ठरतं, आणि उत्तर बोटीगणिक बदलतं. शर्यतीच्या बोटींत पंख्याचा वरचा अर्धा भाग पाण्याबाहेरच असतो. तिथे बाजूला ओढणारा जोर प्रचंड, म्हणून एकाच दिशेच्या दोन पंख्यांचा विचारही कोणी करत नाही.

छोट्या बोटींवर मात्र दोन्ही उजवी इंजिनं सर्रास दिसतात. कमी अश्वशक्तीत डावं इंजिन बहुधा मिळतच नाही, आणि दोन्ही पंखे सारखे असले की एकच जादा पंखा बरोबर ठेवून भागतं. खोल समुद्रात मासेमारीला जाणाऱ्यासाठी हा मुद्दा लहान नाही. माझ्या मते दीडशे अश्वशक्तीच्या आत तो वाजवी सौदा आहे, त्यापुढे नाही. एकाच इंजिनावर एकामागे एक असे दोन उलट फिरणारे पंखे लावून पीळ तिथल्या तिथे मिटवण्याचा मार्गही आहे. व्होल्वो पेंटाने १९८२ मध्ये तो बाजारात आणला, सुझुकीने २०१७ मध्ये ३५० अश्वशक्तीच्या आउटबोर्डवर.

इथे चार-पाच जण मिळून जुनी बोट घेण्याची चाल आहे. त्यांनी एक गोष्ट तपासावी. काही नव्या आउटबोर्डची फिरण्याची दिशा सेटिंगने बदलता येते, पण पंखा आपोआप बदलत नाही. उजव्या दिशेने फिरणाऱ्या इंजिनावर डावा पंखा चढवला, तर लिव्हर पुढे ढकलल्यावर बोट मागे जाते, आणि मागे शिडीजवळ कोणी पोहत असू शकतं. यामाहाच्या डाव्या इंजिनांच्या मॉडेल नावात सुरुवातीला ‘एल’ असतो, पंख्यावरही पिळाची खूण असते. सर्व्हिसिंगसाठी दोन्ही पंखे एकदम काढले असतील, तर पाण्यात उतरवण्याआधी ट्रेलरवरच ती खूण दोन्ही बाजूंना वाचून घ्या. नंतर धक्क्याला बांधलेल्या बोटीत, आसपास पाण्यात कोणी नाही हे बघून, एकेक इंजिन अगदी हळू पुढच्या गिअरमध्ये टाका आणि दोर कुठल्या बाजूने ताणला जातो ते पाहा.