पाण्याविना पोहण्याची तालीम

२०२० च्या मार्चमध्ये देशभरातले तरणतलाव बंद झाले. जून उजाडला तरी ते उघडेनात, तेव्हा कोल्हापूरचा ऑलिंपियन वीरधवल खाडे याने कदाचित निवृत्तीचा विचार करावा लागेल, असं जाहीरपणे म्हटलं होतं. एरवीही कधी दुरुस्ती, कधी पाणीटंचाई, कधी परीक्षा, अशा कारणांनी तलाव सुटतोच. अशा दिवसांत घरी एक गोष्ट चांगली सांभाळता येते, ती म्हणजे हाताची ओढ. त्यासाठी मुठी असलेला एक लांब रबरी बँड पुरतो.

फ्रीस्टाइलमध्ये पुढे गेलेला हात सरळ खाली दाबायचा नसतो. कोपर वरच राखून कोपरापुढचा हात उभा करायचा, तळहाताचा रोख मागे ठेवायचा आणि मग पाणी मागे रेटायचं. कोपर आधीच खाली पडलं तर पाणी निसटतं. बँडवर घोटायची ती नेमकी हीच जागा.

खिडकीच्या पक्क्या लोखंडी ग्रिलला, कमरेच्या जरा वर, बँड मधोमध अडकवा. दाराला अडकवणार असाल तर ते तुमच्यापासून पलीकडे उघडणारं हवं, म्हणजे ओढीने ते चौकटीत घट्टच बसेल. ग्रिलकडे तोंड करा, गुडघे किंचित मोडा, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाका आणि दोन्ही हात पुढे करा.

इथे एक फरक समजून घ्यायला हवा. पाण्यात हाताचा वेग दुप्पट केला की विरोध जवळपास चौपट होतो. बँडला वेगाशी फारसं देणंघेणं नाही, तो जितका ताणाल तितका जड होतो. त्यामुळे सुरुवातीला, जिथे कोपराची खरी परीक्षा असते, तिथेच तो सैल असतो आणि हात मांडीपाशी येतो तेव्हा सगळ्यात जड. म्हणून एखादं पाऊल मागे सरका, हात पुढे असतानाच ताण जाणवला पाहिजे. मग शेवटपर्यंत ओढवत नसेल तर हलका बँड घ्या. कमरेचा हिसका देऊन ओढ पुरी करू नका, त्यात कोपर हमखास पडतं.

परतीचंही तसंच. पाण्यात हात हवेतून मोकळा पुढे येतो, बँड मात्र त्याला खेचतो. सोडून दिलात तर झटका खांद्याला बसतो. ओढताना एक अंक मोजा, परतताना तीन. १५ ते २० ओढींचे तीन फेरे, मध्ये मिनिटभर विसावा, आठवड्यातून तीन दिवस, एवढं पुष्कळ झालं.

माझ्या मते मात्र ओढीहूनही मोलाचा व्यायाम दुसराच आहे. पोहताना छाती-पाठीचे मोठे स्नायू दंड आतल्या बाजूला फिरवत राहतात, तो बाहेर फिरवणारे लहान स्नायू त्या मानाने कमजोर राहतात आणि खांदेदुखीला वाट मिळते. त्यासाठी बँडला काटकोनात उभे राहा. काखेत टॉवेलची घडी, कोपर काटकोनात मोडून बरगड्यांना टेकलेलं. ग्रिलपासून लांबच्या हाताची मूठ पोटापासून बाहेर न्या, सावकाश परत आणा. बँड अगदी हलका घ्या.

श्वासाची लय आणि पाण्यातला तोल बँड शिकवत नाही, ते तलावातच शिकायचं.

ऊन आणि क्लोरीन लागून रबर तडकतं. प्रत्येक वेळी बँड हातातून फिरवून पाहा, बारीकशी चीर दिसली तरी टाकून द्या. आणि खांद्यात टोचल्यासारखं दुखलं तर फेरा पुरा करण्याचा हट्ट धरू नका, तिथेच थांबा. दुखणं राहिलंच तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.